कडेच्या पट्टीतली वाडी

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा शेठने त्याला हार घातला आणि नारळ फोडला. पाणी कीबोर्डवर उडू नये म्हणून दाराबाहेर जाऊन फोडला, एवढी अक्कल त्याला होती. त्याच दुपारी तो ताईला म्हणाला, "तुम्ही पण शिकून घ्या. टेपचं काम संपलं आता."

ताई म्हणजे सर्किटच्या रेघा हाताने चिकटवणारी आमच्याकडची सगळ्यात जुनी बाई. पारदर्शक फिल्मवर काळी बारीक टेप ओढायची, भोक पाडायचं तिथे काळी गोल चकती लावायची. मी तिच्याच हाताखाली शिकले. ती मालवणची, जोगेश्वरीला चाळीत राहायची. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. हे गाळ्यात सगळ्यांना ठाऊक होतं, शेठलाही.

त्या फिल्मवरून आम्ही तांब्याच्या मोठ्या पत्र्यावर एकच बोर्ड शेजारी शेजारी पुन्हा पुन्हा छापायचो आणि मग कापून सुटे करायचो. त्या अख्ख्या पत्र्याला पॅनेल म्हणायचं. त्याच्या चारी कडांची पट्टी कापून कचऱ्यात जायची. फिल्मवर त्या पट्टीच्या जागी ताई न चुकता एक चकती लावायची, कशालाच न जोडलेली.

"ही कशाला गं?" मी एकदा विचारलं.

"ती वाडी गो. आमच्या पूर्वजांची. पयलो घास तेंचो, मगे आपलो."

कोकणात सणासुदीला पितरांसाठी केळीच्या पानावर वाढून ठेवतात, तीच ही वाडी. मी म्हटलं, "ताई, आम्ही बौद्ध. आमच्यात पितर-बितर जेवायला येत नाहीत."

"मगे तुझ्या वाटणीचा पण माझेच जेवतले," ती म्हणाली आणि खो खो हसली.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला कॉम्प्युटर शिकवायचे. ती कळा अशा दाबायची की जणू टेपच चिकटवतेय. मधेच वैतागायची. "हाताक कायच लागना नाय गो ह्येच्यात!" पण शिकली. एक बोर्ड काढायचा, दोन बोर्डांमधलं अंतर सांगायचं, की कॉम्प्युटर बाकीचे आपोआप मांडतो, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता हिची काळजी नाही.

मग शेठने अट घातली. दवाखान्यातल्या यंत्राच्या बोर्डाचं पॅनेल ताईने एकटीने करायचं. फिल्म बिनचूक आली तर नोकरी राहील, नाहीतर महिनाअखेरीला रामराम. मला अशी चीड आली म्हणून सांगू! इतकी वर्षं ज्या बाईच्या बोटांवर गाळा चालला, तिची परीक्षा घेणार म्हणे.

फिल्म बाहेरून छापून यायची. आली तशी मी खालून उजेड येणाऱ्या लाइट टेबलावर पसरली. ताई शेजारी उभी होती. पहिला बोर्ड झकास होता. दुसऱ्याच्या कडेशी मात्र दोन रेघांच्या मधे एक काळी चकती बसली होती, दोन्ही रेघांना चिकटून. तिसऱ्यातही तीच. पुढच्यातही तीच. दोन रेघा अशा जोडल्या गेल्या की शॉर्ट होतो, बोर्ड चालूच शकत नाही.

काय झालं ते दोघींना एकदमच कळलं. हाताने करताना ती चकती सगळं झाल्यावर लावायची, एकच, बाहेरच्या पट्टीत. इथे तिने सवयीने आधीच लावून टाकली, एकट्या बोर्डाच्या कडेबाहेर. कॉम्प्युटरला काय माहीत वाडी म्हणजे काय! त्याने प्रत्येक बोर्डासोबत एकेक वाढली, आणि बोर्ड खेटून असल्यामुळे ती शेजारच्याच्या अंगणात पडली.

शेठ आला. मी म्हटलं, "शेठ, हे आम्ही दोघींनी मिळून..."

"नाय," ताईने माझं बोलणं तोडलं. "माझ्या हातान झाला."

शेठने वाकून एकेक बोर्ड तपासला. नवी मागवायला वेळ नव्हता, माल जायलाच हवा होता. शेवटी तो म्हणाला, "ताई, ब्लेडने खरवडून निघेल का हे?"

ताईने खणातून आपलं ब्लेड काढलं. भिंग डोळ्याला लावलं आणि रेघेला धक्का न लावता एकेक चकती खरवडायला लागली. हात जरासुद्धा हलला नाही. मी काळी भुकटी मऊ ब्रशने झाडत होते आणि रडत होते. शेठने मधे एकदा वाकून पाहिलं. "काम चांगलं केलंत," तो म्हणाला, "पण ठरलं ते ठरलं." ताईने पुढची चकती खरवडायला घेतली.

सगळे बोर्ड साफ झाले. राहिल्या त्या शेवटच्या रांगेतल्या चकत्या. त्यांना पुढे शेजारी नव्हता, म्हणून त्या बाहेरच्या पट्टीत पडल्या होत्या, अगदी जिथे असायला हव्यात तिथेच. मी म्हटलं, "ताई, ह्या तरी राहू दे ना. कुणाला नडतायत? पट्टी जाणारच आहे कापून."

तिने ऐकलं नाही. त्याही खरवडत गेली. शेवटच्या एका चकतीपाशी मात्र ब्लेड थांबलं.

"आता माझ्याच घरात चूल कशी पेटतली, ता माका ठावक नाय," ती म्हणाली. "तेंका खयसून वाढू?"

आणि तीही तिने खरवडून काढली.