दाजींचं खानदानी लाकूड

गंगावेशीतले दाजी मिस्त्री माणसाची जात कधी विचारत नसत. फळीची विचारल्याशिवाय मात्र तिला हात लावत नसत. महाराजांच्या राजवटीत गावभर सोवळ्याओवळ्यावरून वाद पेटले होते. दाजींच्या दुकानात सोवळं होतं ते लाकडाचं. सतारी-तंबोरे बनवणारा हा माणूस आपल्याकडच्या साग-शिसवाला सरळ ‘जळण’ म्हणे. मुंबई बंदरातून आलेला आफ्रिकेचा काळाभोर आबनूस तेवढा खानदानी!

त्यांचा जिवलग दोस्त जाकू, मूळचा गोव्याचा. मी ज्या सरदारांकडे कारकून होतो, त्यांच्याच बंगल्यावर साहेबांच्या मेजवान्यांत तो गिटार वाजवी. ऐन श्रावणात त्याची गिटार बैलगाडीखाली चिरडली. दाजींनी नवी करायला घेतली, अर्थात आबनुसाची.

जाकूनं फळीवर हात फिरवला. “मिस्त्री, ही अजून ओली आहे. एक उन्हाळा सावलीत वाळू दे. तोवर सागाची चालेल मला.”

दाजी भडकले. “लाकूड खानदानी हाय, जाकू! खानदानी माणसाला कुणी वाळत घालतंय व्हय?”

गिटार झाली देखणी. दाजींनी ती गावभर मिरवली. जाकूला वाजवायला मिळाली ती त्यानंतर.

चैत्रात सरदारांकडे मोठी मेजवानी होती. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड कोरड्या उन्हानं आकसलं होतं. जाकूनं तार छेडली आणि गिटारीची पाठ फाडकन उभी चिरली. गोळी सुटली असं वाटून एक साहेब टेबलाखाली शिरला. सरदारांची जी शोभा झाली, तिचा राग जाकूवर निघाला. दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली.

दाजी दुकानात सांगत बसले, “गोव्याचा घाम खारट. त्यानं फुटलं.” हे जाकूच्या कानावर गेलं. बायकामुलांना गाडीत बसवून तो गाव सोडून निघाला. गाडी दुकानावरून गेली तेव्हा दाजी रंधा मारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

पुढे किती तरी वर्षांनी दाजी अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेलो, तर म्हणाले, “जाकूचं काय कळलं का रं?”

“नाही. तुम्ही एकदा माफी मागायची होती, दाजी.”

“चूक लाकडाची. माफी मी कशाला मागू?”

एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी उठेपर्यंत ते तसेच पडून होते. उशी मात्र भिजत होती.