बोट पळवून पाहणारा मिस्त्री

आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी, तोही इलेक्ट्रिकल इंजिनियर. म्हणून धरणावरच्या बचाव बोटीची बॅटरी इंजिनावर नीट चार्ज होते का, हे तपासायला मला अमरावतीहून पाठवलं. काठाशी इंजिन चालू करून मीटर लावलं. साडेतेरा व्होल्ट. "ओके," म्हणालो.

अकोल्याच्या जुन्या शहरातून आलेला एक मिस्त्री बोटीत बसला होता. शाळा सातवीत सुटलेली, बोटं ग्रीसनं काळी. तो हसला. "साहेब, उभ्या बोटीवर काय मोजून राह्यले? पयवून पाहा ना!"

बोट पळवली. मीटर सतरावर गेलं; साडेचौदाच्या वर जायला नको होतं. त्यानं बॅटरीवर पालथा हात ठेवला. "तापून राह्यली. रेग्युलेटर गेला." मी घाईनं बॅटरीची वायर काढायला गेलो, तर त्यानं मनगटच धरलं. "आधी इंजिन बंद करा! चालत्या इंजिनावर वायर काढसान तं बाकीचंही जाईन."

काठावर नावाड्यांनी पहिला चहा त्याला दिला. माझा जीव जळला, आजही जळतो.

रिपोर्टात लिहिलं, 'बोट वेगात चालवून तपासली, रेग्युलेटर सदोष.' खाली सही माझी एकट्याची. त्याचं नाव मी मुद्दामच विचारलं नाही. विचारलं असतं, तर लिहावं लागलं असतं.