'अंगावर म्हणजे कुठं?' असे विचारणाऱ्या डॉक्टर

डॉ. रमाताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात नामवंतांच्या पंक्तीला मी बसावे, हे धाडसच आहे; त्याबद्दल आधी क्षमा मागते. मी त्यांची सहकारी नव्हे. दोन महिन्यांपूर्वी चांदवडहून आईसोबत त्यांच्या नाशिकच्या दवाखान्यात आले, ती रुग्ण म्हणून.

तोंडाने सांगणे जमेना, म्हणून मी चिठ्ठी लिहून नेली होती : 'अंगावर पाणी येते. तहान फार लागते.' तीच चिठ्ठी आधी गावाकडे एका डॉक्टरांनी वाचली होती आणि सूज समजून लघवीच्या गोळ्या दिल्या होत्या. तहान अधिकच वाढली. रमाताईंनी चिठ्ठी दोनदा वाचली, दार लावून घेतले आणि हळू विचारले, "अंगावर म्हणजे कुठं, बाळा? अंगावर पाजतात, तिथं?"

मी होकारार्थी मान हलवली. ते पाणी नव्हते, दूध होते. आई रडू लागली. लग्न व्हायचंय अजून, लोक काय म्हणतील, एवढेच ती म्हणत राहिली. रमाताई म्हणाल्या, "आई, हा मेंदूखालच्या ग्रंथीचा हुकूम आहे, पोरीचा दोष नाही. अन् लोकांना रिपोर्ट वाचता येत नाहीत."

तपासणीत प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारे संप्रेरक, वाढलेले निघाले. पुढे त्यांनी मला शनिवारी बोलावून रुग्णांसाठी मराठी माहितीपत्रक लिहायला बसवले. मी मराठी माध्यमातली, शाळेत पहिली आलेली मुलगी. मी ऐटीत लिहिले : 'प्रोलॅक्टिन वाढल्यास शरीरात पाणी राखणाऱ्या संप्रेरकांचा समतोल बिघडतो.' त्यांनी 'बिघडतो' खोडून 'बिघडू शकतो' केले. प्राण्यांमध्ये असा संबंध दिसतो, माणसांत तो अजून पक्का ठाऊक नाही, असे म्हणाल्या. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगणाऱ्या डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिल्या.

लघवीच्या गोळ्या थांबल्या; तहान थांबली नाही. किती प्यायले, किती लघवी झाली, हे मी वहीत मांडते आणि बेरीज पुन्हा करून पाहते. ग्रंथीवर गाठ असेल का, तिने पाणी राखणारा भागही दाबला असेल का, असे मी रमाताईंना विचारले. खोटा धीर त्यांनी दिला नाही. "आज सांगता येत नाही. स्कॅनच्या वेळी मी बाहेर बसते," एवढेच म्हणाल्या.

त्यांना निरोगी शंभरी लाभो. या मागण्यात माझा स्वार्थ आहे, तोही कबूल करते : मला अजून पुष्कळ वर्षे त्यांना प्रश्न विचारायचे आहेत. स्कॅनसाठी आत बोलावत आहेत. त्या बाहेर बसल्या आहेत.

पाठवले : गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६, सकाळी ८ वाजून ५२ मिनिटे.