फाटका तो आपला

दुकानाचा एक नियम होता: फाटका बुरिटो गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, तो कामगाराचा. ऐकायला मोठा दिलदार. चारचौघांत तो सांगताना मालकाची छाती फुगायची. त्यातली मेख कामाला लागल्यावर कळायची. हात कच्चा असेपर्यंत पोट भरलेलं, आणि हात बसला की उपाशी.

काकूचा हात सहा महिन्यांत बसला. तिशीचीही नव्हती तेव्हापासून सगळे तिला काकूच म्हणत. दुकानाच्या मागच्या खोलीत, तव्यासमोर, ती एकोणीस वर्षं उभी राहिली. सर्वांत चांगला बुरिटो कोणता यावर हिरिरीने भांडणारे शहरात पुष्कळ. कुणी मटणावर बोलतं, कुणी चटणीवर. काकू म्हणायची, "आत काय घालता ते सोडा हो. पोळी नीट शेकलीय का ते सांगा." मैद्याची ती परातीएवढी पातळ पोळी उचलली की रुमालासारखी लोंबली पाहिजे. जरा जास्त शेकली तर घडीवर मोडणार. मग भात, निथळलेला राजमा, मटण, आणि चटणी अगदी मधोमध. ती कडेला गेली की पोळी भिजते आणि शेवटचा घास शर्टावर. आधी दोन्ही टोकं आत घ्यायची, मग घट्ट वळायचं, आणि जोड खाली ठेवून तव्यावर दाबायचा, म्हणजे तो चिकटून बसतो. लहानपणी दारात चेंगरून तिचा डावा अंगठा वाकडा झाला होता. त्यामुळे तिच्या बुरिटोच्या डाव्या टोकाला एक छोटी तिरपी चुणी पडायची. बाकी नाव ठेवायला जागा नाही.

ती कामाला लागली तेव्हा घरी चार वर्षांची लेक होती. नवरा निघून गेला होता, आणि तो विषय ती कुणाला काढू देत नसे. पहिले सहा महिने मायलेकी फाटक्या बुरिटोंवर मजेत जेवल्या. मग एका संध्याकाळी काकू रिकाम्या हाताने घरी आली, कारण दिवसभरात एकही फाटला नव्हता. लेक ताटली मांडून बसली होती. काकूने तिच्यापुढे पाव ठेवला, तो तिने दूर सारला आणि रडत झोपली.

दुसऱ्या दिवशी काकूने चांगल्या पोळीत अंगठ्याचं नख घातलं. तेव्हापासून रोज एक. कधी दोन केले नाहीत. स्वतःच केलेल्या कामाचं असं वाटोळं करताना तिच्या जिवावर यायचं, पण नख चालायचं.

लेक दहा वर्षांची झाली तेव्हा तिने विचारलं, "आई, इतरांचे नाही फाटत. तुझेच कसे गं रोज फाटतात?"

पोरीला काय सांगणार? की तू खातेस ते मी लबाडीने आणते? "माझा हातच जड आहे गं," काकू म्हणाली. बोलून गेली आणि ते घरात कायमचं मुक्कामाला आलं. आईचा हात जड. लेक मैत्रिणींना हसत सांगायची, इतकी वर्षं झाली, आमच्या आईला अजून एक नीट गुंडाळता येत नाही.

लेक चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली, घरात खायला कमी राहिलं नाही, तरी तो रोजचा फाटका सुटला नाही. पगाराव्यतिरिक्त बुरिटोच्या दुकानातून काकूला मिळालेली ती एकच गोष्ट होती, आणि तीही तिने स्वतःच घेतलेली. सोडवेना.

मग पेपरात आलं: शहरात सर्वांत उत्तम बुरिटो कुठे मिळतो. पहिला नंबर काकूच्या दुकानाचा. शेजारी मालकाच्या मुलाचा हाताची घडी घातलेला फोटो, खाली 'या हातांची जादू'. त्या हातांनी कधी तवा पुसला असेल तर शपथ. दारात ही गर्दी लोटली. गर्दीत चोऱ्या होतात म्हणून मुलाने ओट्यावर कॅमेरा बसवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास त्याने काकूला माडीवर बोलावलं. पडद्यावर तिचाच वाकडा अंगठा होता, पोळीत शिरणारा.

"काकू, तुम्ही मुद्दाम फाडताय? केव्हापासून?"

माझ्या हातांच्या जिवावर तुझा फोटो छापून आला, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण "रोज एकच," एवढंच ती म्हणाली.

"चोरी म्हणायला मला जड जातंय. उद्यापासून येऊ नका. बाबांना मी सांगतो." आणि वर 'जिन्यावरून जपून उतरा' म्हणाला.

सातच्या आत लेक घरी आली ती नाचतच. हातात चांदीच्या कागदाची गुंडाळी.

"आई, जेवणाच्या सुट्टीत तुझ्या दुकानात आले होते! तुला भेटेन म्हटलं, तर आत कुणी सोडेना. मग उभी राहिले रांगेत आणि चक्क विकत घेतला. अख्खा! आपण कधी अख्खा खाल्लाय का?"

तिने कागद सोडला. डाव्या टोकाला छोटी तिरपी चुणी होती.

"बघ, जोड सापडतोय का कुठे? याला म्हणतात हात. नाहीतर तू!" लेक हसली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, आणि तेच काकूला सोसवेना.

काकूने घास घेतला. बुरिटो गार झाला होता, तरी पोळी मऊ होती, चटणी मधोमध होती, कुठे थेंब गळत नव्हता. फाटका, सांडलेला तिने हजारदा खाल्ला होता. आपण इतकी वर्षं काय बनवत होतो हे तिला आज कळलं, काढून टाकल्यावर. तिला मालकाच्या मुलाचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"तू आज माझ्याआधी कशी घरी?" लेकीने विचारलं.

"काढलं मला."

"का?"

काकूने ती चुणी अंगठ्याखाली झाकली. "फाटतात म्हणून."

लेक मग जवळ येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे गं आई. सगळ्यांनाच नसतं जमत."