आंब्याची गिटार आणि बंद कुलर

भाऊ आमच्याकडे आले की आधी दारावर बोटाने ठोकायचे, मग दाराला कान लावायचे, आणि आम्ही कडी काढेपर्यंत निकाल देऊन मोकळे व्हायचे. "कच्चं हाये." दार चांगलं सागवानाचं. पण भाऊंना पटत नसे.

अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. त्यांचा धंदा फळांचा. पातूरजवळ वावर, आणि मोर्णेच्या पुलापाशी गाडी. जन्मभर टरबुजं ठोकून त्यांच्या बोटांना खोडच लागली होती. लग्नाच्या पंगतीत टेबल ठोकायचे, एसटीत पुढच्या सीटचा पत्रा ठोकायचे. एकदा मी हेल्मेट घालून निघालो होतो, तर तेही ठोकलं. आत माझं डोकं आहे हे दिसत असूनही म्हणाले, "कच्चं हाये." 'पिकलं' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. तुमच्या गल्लीतही असा एखादा माणूस असेल. नसेल तर सुखी आहात.

त्यांची एकुलती एक पोरगी, पूजा, गिटार शिकत होती. बाजारातून आणलेली तिची गिटार उन्हाने वाकडी झाली, तेव्हा भाऊंनी ती खोलली, आत हात फिरवला आणि म्हणाले, "आत तं काहीच नाई. हे तं मी बी करतो." मग मोबाईलवर बघून बघून त्यांनी प्लायवूडच्या गिटारी केल्या. त्या वाजायच्या, म्हणजे आवाज यायचा.

पूजाचं लग्न ठरलं त्याच वर्षी त्यांच्या वावरातला आंबा वादळात पडला. पोरगी लहानपणी त्याच झाडाखाली खेळलेली. आरा मशीनवर खोड चिरलं तर लाकडात लाटाच लाटा, वाऱ्याने पाणी हलावं तशा. पण बाकीचं खोड किडीने पोखरलेलं. एका गिटारीपुरतं लाकूड वाचलं, आणि कडेच्या पट्ट्या तर नेमक्या दोनच निघाल्या. भाऊंनी जाहीर केलं, "पोरीसंगं हेच जाईन."

"लोकं पोरीले अलमारी देतात वो," वहिनी म्हणाल्या.

"अलमारी वाजते का?"

लाटांच्या लाकडावर रंधा धरला की कपचे उडतात. म्हणून भाऊ फुटक्या काचेने पट्ट्या खरवडत बसायचे. थोडं खरवडायचं, पट्टी चिमटीत लोंबती धरायची, ठोकायची, ऐकायची. "कच्चं हाये." पुन्हा खरवडायचं. टरबुजाच्या बीएवढी जाडी राहिली तेव्हा कुठे ते थांबले. मग अंगणात लोखंडी पाईप तापवला, पट्टी ओली केली आणि पाईपवर टेकवून हलक्या हाताने दाबत राहिले. घाई केली तर लाट जिथे असेल तिथेच लाकूड मोडतं. गिटारीच्या कमरेचा बाक आला तेव्हा मीसुद्धा श्वास धरून उभा होतो, आणि मला गिटारीशी काही देणंघेणं नव्हतं.

दोन्ही पट्ट्या वाकल्या. साच्यात घट्ट बसवल्या. भाऊ खुशीत जेवले आणि त्याच खोलीत कुलर लावून झोपले. अकोल्यातला मे महिना. शहाणा माणूस दुसरं काय करणार?

उठून पाहतात तर कुलरची ओली हवा खाऊन पट्ट्या साच्यातून निसटल्या होत्या. कमरेचा बाक अर्धा उलगडलेला. त्या दिवशी भाऊ गाडीवर गेलेच नाहीत. पट्ट्या पुन्हा पाईपवर घेतल्या. नशीब, मोडल्या नाहीत. गच्चीवर ठेवाव्या तर उन्हाने तडकणार, म्हणून त्या घरातच राहिल्या आणि कुलर बंद झाला.

नेमके तेव्हाच दर्यापूरहून व्याही आले. घामाने सदरा अंगाला चिकटलेला. ते कुलरकडे बघत होते आणि भाऊ भिंतीकडे.

"लाईन गेली जी," भाऊ म्हणाले.

व्याह्यांनी वर गरगर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. वहिनी उठल्या आणि त्यांनी खटकन कुलर लावला. भाऊंनी तेवढ्याच झटक्यात साचा उचलला, व्याह्यांना ओलांडून बाहेर पडले आणि थेट आमच्या घरात शिरले. साचा माझ्या पलंगावर ठेवला आणि माझ्या कुलरची पिन स्वतः उपटली.

"हे काहून?" मी ओरडलो.

"पोरीचं सामान हाये, राजेहो. सांभाळा."

तो आठवडा आम्ही कसा काढला ते विचारू नका. माझा साळा दोन दिवस राहायला आला होता, तो संध्याकाळच्या गाडीने परत गेला. बायको माझ्याशी बोलेना. मी रोज ठरवायचो की आज साचा नेऊन त्यांच्या दारात आपटतो, आणि रोज साच्यावरचा पंचा नीट करून झोपायचो.

गिटार झाली. हळदीच्या दिवशी तारा चढल्या. पूजाने वाजवली तेव्हा मांडवातली बाया-माणसं हातातली कामं टाकून तिच्याभोवती जमली. व्याही तर हात जोडून म्हणाले, "आता समजलं जी, लाईन कुठं गेली होती."

निरोपाची वेळ आली. गाडीत सगळं सामान चढलं, गिटार मात्र भाऊंच्या हातात. त्यांनी तिच्या पाठीवर ठोकलं, कान लावला.

"कच्चं हाये," ते म्हणाले. "राहू दे अजून. पुढच्या खेपेले नेजो."

"बाबा, झाली ना ती."

"नाई वो. कच्चं हाये अजून."

ते गिटारीबद्दल बोलत नव्हते, हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही कळलं असतं. पूजाने हळूच ती त्यांच्या हातातून सोडवून घेतली. मला रडू आलं, आणि एवढा आठवडा उकाड्यात काढल्याचा सगळा राग गेला.

मागच्या हिवाळ्यात भाऊ गेले. गाडी आता त्यांचा पुतण्या लावतो. तो टरबूज ठोकत नाही, सरळ कापून दाखवतो.

या मे महिन्यात पूजा आली, गिटार घेऊन. मी आणि माझी बायको वहिनींकडे कुलरसमोर बसलो होतो. पूजाने खोळ काढली, तशा वहिनी उठल्या आणि त्यांनी कुलर बंद केला.

"आई, लाव ना. आता नाई होत तिले काही."

वहिनींनी गिटारीच्या पाठीवर बोटाने ठोकलं. खाली वाकून कान लावला.

"कच्चं हाये," त्या म्हणाल्या. "बस चूप."

मग आम्ही सगळे घाम पुसत बसलो आणि पूजाने वाजवायला घेतलं.