भावकी, सोयरे आणि एक सतरंजी

"दर दोन तासांनी कूस बदलताय ना?" मी रिसीव्हरमध्ये ओरडलो. ट्रंक कॉलवर तेव्हा ओरडावंच लागे.

"व्हय, बदलतो की!" बेलापूरहून तात्या माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडले. "तरी पोराची जखम वाढतीच हाय."

मी नगरच्या एका हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होतो. चिंचेवरून पडून मणका मोडलेला, कमरेखाली सगळा आनंद, म्हणून बसायला चाकांची खुर्ची. त्यामुळे डॉक्टरांनी एक जादा ड्यूटी गळ्यात मारली होती. मणक्याचे पेशंट घरी गेले की त्यांना फोनवरून सांभाळायचं. पगार अर्थातच तोच.

तात्यांचा भानुदास पंचविशीचा गडी. दुष्काळात विहीर खोल करताना दरड अंगावर आली आणि पाय गेले. आता कमरेच्या मागे बेडसोअर झाला होता. एकाच जागी दाब राहिला की तिथं रक्त पोचत नाही आणि कातडी सडते. संवेदनाच नाही, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही.

"आठवडाभर बघू," डॉक्टर म्हणाले. "विष अंगात भिनलं तर पोरगा हातचा जाईल."

मी हट्ट धरला, भानुदासलाच फोनवर आणा. फोन आडत दुकानात. चौघांनी त्याला बाजेसकट उचलून आणलं.

"तुमाला काय जातंय सांगाया?" तो फणकारला. "सोता पडून बघा, मंग कळंल."

"पडूनच बसलोय बाबा. माझेही पाय नुसते शोभेला आहेत."

पलीकडे बाज करकरली.

"खरं म्हन्ता?" त्याचा आवाज एकदम उतरला. "मंग तुमाला सांगतो. दिवसभर मानसं भेटाया येत्यात. बाजंच्या एका अंगाला भावकी बसती, दुसऱ्या अंगाला सोयरं. हिकडं वळलो तर त्यांच्याकडं पाठ, तिकडं वळलो तर ह्यांच्याकडं. म्हनून तात्यांना म्हनतो, दिसा उताणाच ऱ्हाऊ द्या; ते आपलं रातचंच वळवत्यात."

मी कपाळावर हात मारला. पण हसलो नाही. सासरे समोर बसले की मलाही कूस बदलायची चोरी वाटायची.

"तात्यांना द्या फोन. तात्या, सगळ्यांना एकाच बाजूला एका सतरंजीवर बसवा. भानुदास वळला की सतरंजी उचलायची आणि पलीकडं टाकायची."

"भावकी आन सोयरं एका सतरंजीवर? आन वर त्यास्नी उठवायचं? लोकं काय म्हन्तील?"

"आज उठवा, तात्या. नाहीतर त्यांनाच दहाव्याला बसवावं लागेल."

तेवढ्यात एक्स्चेंजच्या बाईंनी वेळ संपल्याचं सांगून कॉल तोडला. तो आठवडा मी जीव मुठीत धरून काढला.

आठवडा संपला तेव्हा जखम वाढायची थांबली होती. पुढे ती भरली. भानुदास तपासणीला आला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "काय केलंत?"

"पाव्हण्यांना उठबस कराया लावली, सायेब," तात्या म्हणाले. "आता च्या पिऊन लगीच जात्यात."

भानुदास माझ्या खुर्चीकडे बघत होता. "मलाबी असली मिळंल का?" त्यानं विचारलं.

तेव्हापासून नव्या पेशंटला मी औषधाचं नंतर विचारायचो. आधी विचारायचो, पाहुणे कुठं बसतात?