तापलेला ट्रॅक्टर, खुंटीवरची घोंगडी

सैन्यात बावीस वर्षं मी गाड्या दुरुस्त केल्या. बर्फात केल्या, वाळवंटात केल्या, डोक्यावर साहेब ओरडत असताना केल्या. त्यामुळं निवृत्त होऊन वडूजकडच्या आमच्या गावी आलो, तेव्हा तालुक्यातलं प्रत्येक इंजिन मला विचारून धूर सोडतं अशी माझी समजूत होती. हे आधीच सांगून टाकतो. पुढं माझी कशी जिरली ते कळायला सोपं जाईल.

आम्ही दोघं भाऊ. मी धाकटा, फौजी. थोरला मेंढका. दरवर्षी दसरा झाला की तो मेंढरं घेऊन घर सोडायचा. उंब्रजवरून कृष्णाकाठानं खाली सांगलीकडं. कुणाच्या रानात चार दिवस मेंढरं बसव, कुणाच्या रानात आठ. शेतकऱ्याला खत मिळायचं, ह्याला धान्य. परत यायचा तो पावसाच्या तोंडावर. आणि मला सुट्टी मिळायची दिवाळीला. म्हणजे मी घरी असलो की तो नाही, तो असला की मी नाही. बावीस वर्षांत आम्ही भावांनी एकही दिवाळी एकत्र खाल्ली नव्हती. लोकांना खोटं वाटतं, पण खरं आहे.

मी कायमचा घरी आलो तोवर त्याचे गुडघे गेले होते. साताऱ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता मैलोन्‌मैल चालणं बंद. हा त्यांनाच म्हणाला, "मग मेंढरं काय रिक्षानं न्यू व्हय?"

मी त्याच्या मागं हात धुऊन लागलो. मेंढरं देऊन टाक, ट्रॅक्टर घेऊ, आपली कोरडवाहू जमीन आपणच करू, इंजिनाचं काय ते मी बघतो. सहा महिने तो नाही म्हणत होता. मग एक दिवस कुणाला न सांगता उठला आणि आटपाडीच्या भाच्याला सगळी मेंढरं देऊन आला. आल्यावर काठी कोपऱ्यात ठेवली, घोंगडी दाराशेजारच्या खुंटीला अडकवली आणि मला म्हणाला, "तुझ्या शब्दावर दिली हायती, फौजी." एवढंच बोलला. मी तेव्हा नव्या ट्रॅक्टरच्या आनंदात होतो. त्याला मात्र त्या ट्रॅक्टरचं काही कौतुक नव्हतं. अंगणात उभा असला तर हा लांबून वळसा घालून जायचा. हात म्हणून कधी लावला नाही.

पहिला दसरा आला. इतक्या वर्षांनी मी गावच्या दसऱ्याला होतो, माझ्या अंगातच आलं म्हणा की. आमच्यात दसऱ्याला देवाच्या पालखीवर भंडारा उधळतात. भंडारा म्हणजे हळद, मुठीमुठीनं, माणसाला माणूस ओळखू येऊ नये इतकी. पालखी आमच्या दारात आली, तेव्हा मी ट्रॅक्टर चालू करून मधोमध उभा केला, हॉर्न वाजवला आणि "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणत अख्खी पिशवी त्याच्या तोंडावर रिकामी केली. ट्रॅक्टर पिवळाधमक झाला. देवाचा भंडारा आमच्याकडं कुणी पुसत नाही, जाईल तेव्हा आपसूक जातो. मी रोज सकाळी त्या पिवळ्या जाळीला हात जोडायचो आणि मगच चावी फिरवायचो.

मग दोन दिवस परतीचा पाऊस झाला, आणि नंतर लख्ख ऊन पडलं. रानाला वाफसा आला, म्हणजे मातीत ओल आहे पण ती पायाला चिकटत नाही, अशी वेळ. आमच्या कोरड्या मुलखात ही वेळ चार-पाच दिवसांची. तेवढ्यात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरला तर वर्षाचे दाणे आणि जनावरांची वैरण. नाही पेरला तर बसा बोंबलत. ट्रॅक्टरला पेरणीची पाभर जोडली, मागं चाड्यावर वहिनीची मूठ, म्हणजे बी सोडायचं काम तिच्या हाती. थोरला बांधावर बसून बघत होता.

तासाभरात इंजिनाचं तापमान दाखवणारा काटा लाल पट्ट्यात गेला.

थांबलो, गार होऊ दिलं, पुन्हा चालू केलं. अर्ध्या तासात काटा पुन्हा लाल. दिवस मावळेपर्यंत एक तुकडाही पुरा झाला नाही. दुसऱ्या कुणाचा ट्रॅक्टर आणावा तर सगळ्यांचा वाफसा एकाच दिवशी आलेला. कोण देतोय!

संध्याकाळी जेवताना थोरला शांतपणे म्हणाला, "चार दिस बघतो. पेर झाली तर झाली. न्हाई तर मी आटपाडीला जातो. भाचा म्हंतोय, मामा या, संगं हिंडू. मेंढरं हायतीच की तितं."

"आणि गुडघे?" मी म्हणालो.

"गुडघं माझं हायती. तुला कशाला घोर?"

मी हातातला घास ताटात ठेवला. माणूस साठी ओलांडून गेलेला, जिना उतरताना भिंत धरणारा, आणि हा उसाच्या सरीतनं मेंढरांमागं पळणार! आणि खरं सांगायचं तर माझा स्वार्थही होता. मला ह्या वर्षीची दिवाळी त्याच्याबरोबर पाहिजे होती. त्याच्या डोक्यामागं खुंटीवर घोंगडी लटकत होती, मला तिचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच भिडलो. रेडिएटरमधलं पाणी बघितलं, कमी झालं होतं, भरलं. पंख्याचा पट्टा जरा ढिला वाटला, ताणला. रबरी पाइप दाबून बघितले, कुठं गळती नाही. थोडं चालवलं, पुन्हा तापला. आणि मी काय करावं? बावीस वर्षं नव्या पोरांना ओरडून सांगितलं होतं की गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. रागाच्या भरात मीच फडकं लावून झाकण फिरवलं. वाफेचा असा फवारा आला की मनगटापासून कोपरापर्यंत भाजलो. वहिनी हाताला तूप लावत म्हणाली, "भावजी, फौजेत ह्येच शिकवत व्हतासा का?"

हाताला फडकं गुंडाळून मी उठलो. 

वडूजला जाऊन नवं झाकण आणलं. तिथल्या मिस्त्रीला लक्षणं सांगितली. तो म्हणाला, हेड गॅस्केट गेलं असणार, आणून टाका, खोलावं लागंल, आठवडा धरून चाला. आठवडा! मी तिथंच त्याच्याशी भांडलो. गॅस्केट जाऊन इंजिनात पाणी शिरत असतं तर पांढरा धूर आला असता, तेलाचं ताक झालं असतं. ह्याचं तेल तर स्वच्छ आहे. तो म्हणाला, मग तुम्हाला सगळं कळतंयच की. हे मला फारच झोंबलं, कारण मला काहीच कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी थर्मोस्टॅट काढला. इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरकडं वाट करून देणारी ती छोटी झडप. ती अडकली तरी इंजिन तापतं. वहिनीच्या चहाच्या पातेल्यात पाणी उकळलं आणि झडप त्यात सोडली. दोघं वाकून बघत बसलो. पाणी उकळायच्या जरा आधीच झडप अगदी शहाण्यासारखी उघडली. वहिनीनं ते पातेलं पुढं महिनाभर चहाला वापरलं नाही, ते वेगळंच.

सगळं ठीक आहे आणि ट्रॅक्टर तापतो आहे! दुपारी पुन्हा रानात घातला. पाभरीची चार तासं, म्हणजे चार ओळी, पडली नाहीत तोवर काटा चढला. आणि माझी सटकली. मी खाली उतरलो, चाकाला लाथ घातली, पाना बांधापलीकडं भिरकावला आणि त्या भंगाराच्या सात पिढ्या उद्धारल्या. वहिनी चाड्याजवळ तोंड फिरवून उभी राहिली. तिला हसू आवरत नव्हतं की रडू, देव जाणे. मातीचा वरचा थर सुकून पांढरा पडायला लागला होता. मला दिवाळी दिसत होती. मी एकटा, आणि हा कुठंतरी उसात.

थोरला बांधावरून उठला. गुडघ्यावर हात देत, सावकाश. पाना उचलून आणला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "चालू कर."

"तापलाय, दादा."

"चालू कर म्हंतोय न्हवं. जरासाच."

केला. तो ट्रॅक्टरच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला. डोक्याचा लाल पटका सोडला आणि त्याचं टोक पुढच्या जाळीसमोर धरलं. टोक सरळ खाली लोंबत राहिलं, जरासुद्धा हललं नाही. त्यानं तळहात जाळीला लावला. त्या ट्रॅक्टरला त्याचा हात पहिल्यांदा लागला.

"बंद कर," म्हणाला. "ह्याला वारा आत जाईना."

मी ट्रॅक्टर बंद करून खाली उतरलो.

"मेंढरू मागं पडाय लागलं, धापा टाकाय लागलं, की आमी पयलं नाकाशी हात धरतो. दम चालतोय का न्हाई बघतो. तू तीन दिस झालं ह्याच्या पोटात हात घालतोयस. नाक कवा बघणार? नाकपुड्या बुजल्यात रं त्याच्या."

बॉनेट उघडून मी पुढची जाळी काढली. आत रेडिएटरच्या बारीक पट्ट्या दिसायला पाहिजेत, त्यांच्या जागी पिवळा गिलावा होता. दसऱ्याला पंख्यानं ओढून घेतलेली हळद, वर दोन दिवसांचा पाऊस, वर पेरणीची धूळ. भिंत लिंपावी तसा थर. मला भुईनं पोटात घ्यावं असं झालं. अहो, रोज हात जोडत होतो मी त्या पिवळ्याला! बाहेरून पिवळं होतं म्हणूनच तर तिथं बघायचं मनात आलं नाही. देवाच्या भंडाऱ्यानं वाईट होतं असं कोण म्हणेल?

"कुणी वतली गा एवढी?" थोरल्यानं विचारलं. त्याला चांगलं ठाऊक होतं.

"चुकलं," मी म्हणालो. आयुष्यात फार वेळा म्हटलेला शब्द नाही हा.

इंजिन निवेपर्यंत बसलो. मग थोरल्यानं त्या थरातली चिमूट काढून स्वतःच्या कपाळाला लावली, माझ्या लावली. "देवा, लेकरू येडं हाय, सांभाळून घे," म्हणाला. लेकरू म्हणजे पन्नाशीजवळचा मी. मग फवारणीचा पंप आणला, धुऊन त्यात साबणाचं पाणी भरलं आणि पंख्याच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला, पट्ट्या वाकू नयेत असं हळूहळू मारायला लागलो. पिवळे लगदे सुटायला लागले, आणि सुटता सुटता लालबुंद झाले. वहिनी ओरडलीच, "आगं बया! कुंकू झालं की!"

मी लगेच सांगायला लागलो, वहिनी, हळदीला साबणाचा खार लागला की ती लाल होते.

"ते आमाला ठावं हाय, भावजी. तुमालाच जाळी धुवायची ठावं नव्हतं."

लाल पाणी सरीतनं वाहत रानात गेलं. जाळी बसवून पुन्हा चालू केला. थोरल्यानं पटक्याचं टोक पुढं धरलं आणि ते चटकन जाळीला जाऊन चिकटलं. तो हसला. मेंढरं दिल्यापासून मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून पेरत राहिलो. काटा मधोमध, हलला तर शपथ. खालची ओल अजून होती. संध्याकाळी शेवटचं तास मारलं.

तो राहणार की जाणार, हे मात्र बोलला नाही. घोंगडी खुंटीवरच होती. मी रोज सकाळी उठून आधी खुंटी बघायचो. आठवड्यानं शाळूची हिरवी टोकं वर आली. तो बांधावर बसून बघत होता. मी विचारलं नाही, भीती वाटत होती.

दिवाळीची पहिली आंघोळ झाली. वहिनीनं दोघांना शेजारी शेजारी पाटावर बसवून ओवाळलं. फराळाची ताटं पुढं आली आणि मला राहवलं नाही. म्हणालो, "दादा, खरं सांग. तुला जायचंच होतं ना? तू गप्प बसला असतास तर पेर झालीच नसती. आज मेंढरांत असतास."

त्यानं करंजी मोडली. "व्हय. लय जायाचं व्हतं."

"मग हात कशाला लावलास?"

"दम कोंडल्यालं जनावर म्होरं हुबं. मला जायाचंय म्हणून मरू दिऊ व्हय त्याला?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चकली तिखट झाली आहे, मी म्हणालो. वहिनी म्हणाली, "चकलीत तिखट टाकलंच न्हाई अवंदा."

फराळ उरकल्यावर थोरला उठला आणि त्यानं खुंटीवरची घोंगडी काढली. मी मागोमाग उठलो. तो अंगणात गेला, घोंगडीची घडी ट्रॅक्टरच्या चाकावरल्या पत्र्यावर अंथरली आणि गुडघ्यांना शिव्या देत तिच्यावर चढून बसला.

"चल फौजी, आटपाडीला. मेंढरं बगून येऊ. सांजच्याला माघारी."

गेलो. वाटेत त्यानं मला दोनदा थांबायला लावलं, खाली उतरला आणि जाळीपुढं पटका धरून बघितला.